दोन मित्र, एक रात्र आणि बर्गर : 'स्टोनर कॉमेडी' सिनेमे लोकांना इतके का आवडतात?

शुक्रवारची रात्र. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका फ्लॅटमध्ये दोन मित्र सोफ्यावर पडलेत. एक हॅरॉल्ड ली, घरचे कोरियन. दुसरा कुमार पटेल, घरचे भारतीय. दोघांनी गांजा ओढलाय आणि आता दोघांना भयंकर भूक लागलीय. तेवढ्यात टीव्हीवर 'व्हाइट कॅसल'च्या छोट्या छोट्या बर्गरची जाहिरात लागते. ठरलं. आज तेच खायचं.

पिक्चर एवढाच. 'हॅरॉल्ड अँड कुमार गो टू व्हाइट कॅसल' (२००४) जवळपास दीड तास चालतो आणि त्यात दोघं फक्त बर्गर खायला निघालेले असतात. ओळखीचं दुकान बंद होऊन तिथे दुसरंच हॉटेल उघडलेलं निघतं, गाडी चोरीला जाते, तुरुंगवारी होते, प्राणिसंग्रहालयातून पळालेल्या चित्त्यावर बसून जंगल पार केलं जातं. पहाटे कधीतरी बर्गर मिळतो.

ऐकायला हे बिनडोक वाटतं, आणि बऱ्याच अंशी आहेच. तरीही या प्रकारचे सिनेमे अमेरिकेत गेली जवळपास पन्नास वर्षं बनतायत, मीम्समधून आपल्या फोनपर्यंत येतायत आणि ज्यांनी आयुष्यात सिगारेटही ओढलेली नाही, तेही ते पुन्हा पुन्हा बघतायत. म्हणजे मजा गांजाची नाही. मग कशाची?

स्टोनर कॉमेडी म्हणजे नेमकं काय?

गांजा ओढून तंद्रीत असलेल्या माणसाला इंग्रजीत 'स्टोन्ड' म्हणतात आणि नेहमी ओढणारा तो 'स्टोनर'. आपल्याकडे जुन्या मराठीत गांजेकस, बोलण्यात गंजेडी. अशा दोन मित्रांची जोडी, त्यांच्यापुढे एक फुटकळ काम आणि ते काम करताना झालेला महाप्रचंड गोंधळ, हा या सिनेमांचा साचा. फुटकळ काम महत्त्वाचं. जग वाचवायचं नसतं. 'द बिग लेबोव्स्की'मध्ये (१९९८) नायकाला त्याचा खराब झालेला गालिचा भरून हवा असतो, बाकी काही नाही. त्यापायी अपहरण, खंडणी आणि खून एवढं सगळं त्याच्या अंगावर येतं.

जोडी ही कल्पना अर्थातच जुनी आहे. लॉरेल आणि हार्डी आठवा. एक जाड, एक बारीक, पियानो जिन्यावरून वर न्यायचा आहे आणि तो काही जात नाही. स्टोनर कॉमेडीने त्या जोडीच्या हातात गांजा दिला आणि पाठीमागे पोलीस लावले.

सुरुवात झाली ती घाबरवण्यापासून

गंमत म्हणजे या प्रकाराची पहिली 'कॉमेडी' कॉमेडी म्हणून बनलेलीच नव्हती. १९३६ मध्ये 'टेल युवर चिल्ड्रन' नावाचा एक सिनेमा आला. पैसे चर्चशी संबंधित गटाचे, हेतू पालकांना सावध करण्याचा. गांजा ओढला की माणूस खुनी होतो, वेडा होतो, आयुष्यातून उठतो, असं त्यात अतिशय गंभीर चेहऱ्याने दाखवलंय. पुढे तो 'रीफर मॅडनेस' या नावाने फिरला आणि विसरला गेला.

१९७२ मध्ये गांजावरची बंदी उठावी म्हणून काम करणाऱ्या 'नॉर्मल' या संघटनेच्या कीथ स्ट्रॉप यांना त्याची प्रत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. त्यांनी २९७ डॉलर देऊन प्रिंट विकत घेतली आणि कॉलेजांत दाखवायला सुरुवात केली. पोरं हसून हसून लोळायला लागली. जो सिनेमा घाबरवायला बनवला होता, तो चाळीस वर्षांनी विनोदी ठरला.

तो कॉलेजांत फिरवणाऱ्यांमध्ये एक छोटी वितरण कंपनी होती, न्यू लाइन सिनेमा. पुढे याच कंपनीने 'फ्रायडे' बनवला आणि 'हॅरॉल्ड अँड कुमार'ही. गांजाविरोधी प्रचारपटावर चार पैसे कमावलेली कंपनी या प्रकारातले दोन सगळ्यात गाजलेले सिनेमे घेऊन आली. असले योगायोग पटकथेत लिहिले तर कुणी खरं मानणार नाही.

मधल्या काळात हॉलिवूडमध्ये 'हेज कोड' होता. १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या या नियमावलीने पडद्यावर अमली पदार्थ जवळपास हद्दपार केले होते. १९६८ मध्ये ती जाऊन वयानुसार रेटिंग देण्याची पद्धत आली. पुढच्याच वर्षीच्या 'ईझी रायडर'मध्ये नायक उघड गांजा ओढताना दिसले, पण शेवटी ते मारले जातात. नशा करणाऱ्याला पडद्यावर दाखवता येत होतं, सुखरूप घरी पाठवता येत नव्हतं.

ते काम केलं चीच आणि चाँग यांनी.

पोलिसाचा मुलगा आणि त्याचा मित्र

चीच मरीन लॉस एंजेलिसचा, मेक्सिकन वंशाचा. वडील तिथल्याच पोलीस दलात. व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीच्या काळात तो कॅनडात गेला आणि व्हँकूव्हरमध्ये त्याला भेटला टॉमी चाँग. चाँगचे वडील चिनी, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची. दोघांनी स्टेजवर विनोदी प्रवेश सुरू केले, मग त्याच्या रेकॉर्ड निघाल्या, ग्रॅमीही मिळालं. १९७८ मध्ये त्यांचा पहिला सिनेमा आला, 'अप इन स्मोक'.

कथा सांगण्यासारखी आहे. दोन कफल्लक मित्र मेक्सिकोच्या तिहुआना शहरातून एक व्हॅन घेऊन अमेरिकेत येतात. ती अख्खी व्हॅनच गांजापासून बनवलेली असते, हे फक्त त्या दोघांना माहीत नसतं. मागे लागलेल्या पोलिसांनाही ती डोळ्यांसमोर असून दिसत नाही. शेवटी व्हॅन पेटते आणि त्या धुराने पोलिसांसकट सगळे तंद्रीत जातात.

किरकोळ बजेटच्या या पिक्चरने एकट्या अमेरिकेत ४ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. समीक्षकांना तो फारसा पचला नाही. प्रेक्षकांना मात्र पहिल्यांदाच असे गंजेडी दिसले जे ना खुनी होते, ना दुर्दैवी. ते फक्त गोंधळलेले होते.

नशा हे पटकथेचं यंत्र

आता जरा विज्ञान, कारण या सिनेमांचा विनोद कसा चालतो ते त्यातून कळतं. गांजातला मुख्य घटक टीएचसी. मेंदूतल्या ठरावीक ग्राहकांना तो चिकटतो. त्याने होणारे परिणाम ओळखीचे आहेत : नुकतंच घडलेलं आठवत नाही, वेळ लांबल्यासारखा वाटतो, भूक खवळते आणि कधीकधी कुणीतरी आपल्या मागावर आहे अशी भीती बसते.

हीच यादी पटकथा लिहिणाऱ्याच्या टेबलावर ठेवा. विसरभोळेपणा म्हणजे एकाच संकटात दोनदा पडण्याची सोय. 'ड्यूड, व्हेअर्स माय कार?' (२०००) हा पिक्चर तर पूर्ण याच एका गोष्टीवर उभा आहे : काल रात्री काय केलं आणि गाडी कुठे लावली, हे दोघांनाही आठवत नाही. लांबलेला वेळ म्हणजे जिवावर बेतलेलं असताना भलत्याच विषयावर रंगलेली निवांत चर्चा. भूक म्हणजे नायकाचं ध्येय. भीती म्हणजे पाठलाग.

आणि हे सगळं एका मित्राबरोबर. कारण एकटा माणूस तंद्रीत बसला तर त्यात बघण्यासारखं काही नाही. दोघं बसले की एक जण मूर्ख सिद्धांत मांडतो आणि दुसरा तो गंभीरपणे तपासतो. कट्ट्यावर रात्री दोन वाजता झालेल्या तुमच्या गप्पा आठवा. त्याला गांजा लागतो असं नाही, उद्या सकाळी कुठे जायचं नसलं की पुरतं. मला वाटतं, या सिनेमांची खरी ओढ तिथे आहे. कामधंद्याला लागल्यावर पहिली जाते ती ही निरर्थक बडबड. मित्र राहतात, पण भेटायला कारण लागतं.

'पायनॅपल एक्सप्रेस'ने (२००८) नेमकी हीच नस पकडली. सेथ रोगनचा डेल हा गिऱ्हाईक, जेम्स फ्रँकोचा सॉल त्याला गांजा विकणारा. डेलच्या डोळ्यासमोर एक खून होतो आणि दोघांना पळावं लागतं. वरवर पाहता हा ॲक्शनपट आहे. आतला प्रश्न वेगळाच : सॉलला वाटतं आपण दोघं मित्र आहोत, डेलला वाटतं मी फक्त माल घ्यायला येतो. सॉल प्रत्येक वेळी त्याला थोडा वेळ थांबवायला बघतो आणि डेलला निघायची घाई. सॉल हा धंदा करतो तो आजीला चांगल्या वृद्धाश्रमात ठेवता यावं म्हणून, हेही हळूच कळतं. गोळीबार विसरला जातो, पण आपण ज्याला मित्र समजतो तो आपल्याला काय समजतो, ही धाकधूक लक्षात राहते. या सिनेमाची कल्पना निर्माते जड ॲपटॉ यांना 'ट्रू रोमान्स'मधल्या (१९९३) ब्रॅड पिटच्या छोट्या भूमिकेवरून सुचली. तिथे तो सोफ्यावर पडून असतो आणि गुंड त्याला पत्ता विचारून निघून जातात. हे गुंड त्याच्याच मागे लागले तर, एवढाच विचार.

निवांत बसायचा हक्क कुणाला?

इथवर वाचून वाटेल की हे सगळं टाइमपास आहे. पण या प्रकारातली गाजलेली पात्रं कोण आहेत बघा. मेक्सिकन वंशाचा चीच. अर्धा चिनी चाँग. 'फ्रायडे'मधले कृष्णवर्णीय क्रेग आणि स्मोकी. कोरियन हॅरॉल्ड, भारतीय कुमार. यातल्या प्रत्येक समाजासाठी हॉलिवूडचे साचे आधीच तयार होते. कृष्णवर्णीय पोरगा म्हणजे गुंड किंवा गुंडाचा बळी, मेक्सिकन म्हणजे घुसखोर, आशियाई म्हणजे अभ्यासू आणि भारतीय म्हणजे विचित्र उच्चारांचा दुकानदार.

'फ्रायडे' १९९५ चा. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागावर तेव्हा 'बॉइज एन द हूड' (१९९१), 'मेनेस टू सोसायटी' (१९९३) असे रक्ताने माखलेले सिनेमे येत होते. पहिल्यात आइस क्यूबने स्वतः काम केलं होतं. त्याला वाटलं, आमच्या गल्लीत रोज खून होत नाहीत, आम्ही हसतोसुद्धा. मग त्याने डीजे पूहबरोबर पटकथा लिहिली आणि एफ. गॅरी ग्रे या तरुण दिग्दर्शकाने, तो ज्या भागात वाढला तिथेच, जेमतेम तीन आठवड्यांत शूटिंग उरकलं.

त्यात घडतं काय? क्रेगची नोकरी गेलीय, तीही सुटीच्या दिवशी. स्मोकीने विकायला दिलेला माल स्वतःच ओढलाय आणि रात्रीपर्यंत २०० डॉलर द्यायचेत. बाकी वेळ दोघं घराच्या ओट्यावर बसून गल्लीतली ये-जा बघतात. टवाळक्या करतात. क्रेगकडे पिस्तूल असतं आणि शेवटी गल्लीतल्या दादाशी त्याची गाठ पडते तेव्हा ते बाहेरही निघतं. वडील त्याला ते खाली ठेवायला लावतात. मग तो हातांनी भांडतो, मार खातो, मार देतो आणि जिवंत राहतो. त्या काळातल्या त्या गल्लीवरच्या सिनेमात नायकाने रात्री आपल्या पलंगावर झोपायला जाणं ही साधी गोष्ट नव्हती.

कुमारचंही तसंच. वडील डॉक्टर, भाऊ डॉक्टर आणि त्याचा मेडिकलचा इंटरव्ह्यू. हात इतका सफाईदार की गरज पडल्यावर तो खरोखर शस्त्रक्रिया निभावून नेतो. प्रश्न अकलेचा नाहीच, त्याला ते इतक्यात करायचं नाहीये. परदेशात वाढणाऱ्या कुठल्याही पटेल, कुलकर्णी किंवा रेड्डीच्या मुलाला हे पटकन समजेल. पुण्या-नाशकात इंजिनिअरिंगला ढकललेल्यांनाही समजायला हरकत नाही. हुशार असणं ही ज्या समाजाची ओळखपत्रावरची नोंद झालीय, त्यातल्या मुलाला एक रात्र वाया घालवू देणं, हा त्या सिनेमाचा सगळ्यात धीट विनोद आहे. रात्रभर गोरे पोलीस आणि टपोरी पोरं दोघांना त्रास देतात. हॅरॉल्डला तर चुकीच्या जागी रस्ता ओलांडला म्हणून पकडतात. कोठडीत त्यांच्याबरोबर एक शांतपणे पुस्तक वाचणारा कृष्णवर्णीय माणूस असतो. त्याचा गुन्हा त्याचा रंग.

थिएटरमध्ये हा सिनेमा यथातथाच चालला, डीव्हीडीवर गाजला. कुमार झालेला काल पेन (खरं नाव कल्पेन मोदी) २००९ मध्ये ओबामांच्या व्हाइट हाउसमध्ये नोकरीला लागला आणि मध्ये सुटी काढून तिसरा भाग करून आला. तो शाकाहारी असल्यामुळे पहिल्या भागातले त्याचे बर्गरही खास बिनमांसाचे बनवले होते. आणखी एक धागा : मीरा नायर 'द नेमसेक' करत होत्या, तेव्हा काल पेनला घे म्हणून त्यांच्या मुलाने आग्रह धरला, कारण तो 'हॅरॉल्ड अँड कुमार'चा चाहता होता. तो मुलगा म्हणजे झोहरान ममदानी, जो नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कचा महापौर म्हणून निवडून आला.

पडद्याबाहेर पोलीस खरे होते

सिनेमातले पोलीस येडे असतात. बाहेरचे नव्हते. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०२० च्या अहवालानुसार, कृष्णवर्णीय आणि गोरे जवळपास सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात, पण जवळ बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांची ३.६ पट जास्त. 'फ्रायडे'तला स्मोकी खऱ्या गल्लीत ओट्यावर तसा बसला असता, तर पिक्चर पहिल्या दहा मिनिटांत संपला असता.

आणि टॉमी चाँगचा पिक्चर तर खरोखर तुरुंगात गेला. २००३ मध्ये केंद्रीय यंत्रणांनी 'ऑपरेशन पाइप ड्रीम्स' नावाची मोहीम काढली. लक्ष्य गांजा नव्हता, तो ओढायची काचेची नळकांडी विकणारे होते. चाँगच्या कुटुंबाचा तो धंदा होता. बायको आणि मुलावर खटला होऊ नये म्हणून त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा नऊ महिने कैद आणि २० हजार डॉलर दंड. त्याचा हा पहिलाच गुन्हा होता. सरकारी पक्षाने शिक्षेसाठी मांडलेल्या मुद्द्यांमध्ये हाही होता की, याने सिनेमांतून पोलिसांच्या कामाची खिल्ली उडवून पैसा केला. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या विनोदाचा हिशेब न्यायालयात निघाला.

डिसेंबर २०२४ मध्ये 'अप इन स्मोक'ची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट यादीत झाली. जतन करण्याजोगा सांस्कृतिक ठेवा म्हणून हा मान सरकारी लायब्ररी ऑफ काँग्रेस देते. तीच, जिथे स्ट्रॉप यांना 'रीफर मॅडनेस' सापडला होता.

न आवडण्यासारखंही बरंच आहे

हे सिनेमे आज बघताना अनेकदा चेहरा वाकडा होतो. बायका बहुतेक ठिकाणी शोभेला, नाहीतर कटकट करायला. समलिंगी माणसांवरचे विनोद तर आज ऐकवत नाहीत, 'हॅरॉल्ड अँड कुमार'सुद्धा त्याला अपवाद नाही. दोन बायकांनी रिकामटेकडेपणा करायचा म्हटलं की पैसे लावायला कुणी पुढे येत नव्हतं. 'स्मायली फेस'मध्ये (२००७) ॲना फॅरिस होती, पण एकटीच. जोडी खऱ्या अर्थाने जमली ती 'ब्रॉड सिटी' (२०१४-१९) या मालिकेत. अमली पदार्थांच्या व्यसनाची दुसरी बाजू, म्हणजे न सुटणारी सवय किंवा आधीच नाजूक असलेली मानसिक अवस्था, ती या विनोदात येतच नाही. ही सोयीस्कर गाळणी आहे, हे मान्य करूनच हसावं लागतं.

आता हा प्रकार ओसरलाय. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी मौजेखातर गांजा ओढायला कायदेशीर परवानगी दिली. २०२३ च्या अखेरीस अशी २४ राज्यं झाली. केंद्रीय कायद्याने तो अजूनही बेकायदा आहे, पण ज्या राज्यात दुकानात पावती मिळते तिथे पोलिसांपासून पळायचं कसं? चीच आणि चाँग यांच्या नावाने आता कायदेशीर माल विकला जातो.

आपल्याकडे का नाही?

भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरस दोन्हींवर बंदी आहे. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरला जातो आणि तोही सापडला तर एक वर्षापर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच झाडाची पानं मात्र या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून भांगेचा हिशेब वेगळा, तिथे राज्यांचे आपापले नियम. सिनेमातही हीच विभागणी दिसते. 'आप की कसम' (१९७४) आणि 'सिलसिला'च्या (१९८१) गाण्यांत भांग पिऊन नायक नाचतो आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे बघतात. गांजा-चरस आलं की 'हरे रामा हरे कृष्णा'सारखी (१९७१) शोकांतिका. सेन्सॉर बोर्डाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही व्यसनाचं समर्थन किंवा उदात्तीकरण करणारी दृश्यं नकोत असं म्हटलंय. 'उडता पंजाब' तर नशेच्या विरोधातला सिनेमा, तरी २०१६ मध्ये त्याला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि एका कटवर सुटका झाली.

सगळ्यात जवळ पोहोचला तो 'गो गोवा गॉन' (२०१३). कुणाल खेमू आणि वीर दास पहिल्या अर्ध्या तासात अगदी चीच-चाँगच्या वळणावर जातात. पण मग गोव्याच्या पार्टीत गोळी घेतलेले सगळे झोंबी होतात. विनोद झकास आहे, फक्त शिक्षा चुकत नाही.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल, तर 'फ्रायडे'. ओटा, शेजारी, सतत ओरडणारे वडील आणि रात्रीपर्यंत द्यायचे पैसे. सबटायटल्स लावा, स्मोकी फार वेगात बोलतो. आणि हेडफोन घाला, कारण शिव्या चिकार आहेत आणि बाहेरच्या खोलीत कुणीतरी बसलेलं असेल.